पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन

दहावीपर्यंत इलेक्ट्रॉन मांडणं सोपं होतं. के, एल, एम, एन अशी कवचं आणि त्यांत भरायचे आकडे. सोडियम २, ८, १. क्लोरीन २, ८, ७. एकानं दिला, दुसऱ्यानं घेतला, झालं मीठ. अकरावी सायन्सला आले आणि गाडी पोटॅशियमपाशी अडली.

आर्गॉनची मांडणी २, ८, ८. एम कवचात मावतात १८, म्हणजे अजून दहा जागा मोकळ्या. तरी पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन त्या जागा सोडून चौथ्या कवचात जाऊन बसतो. २, ८, ८, १ हे मला पाठ होतं, पण असं का, हे कळल्याशिवाय पुढचा धडा उघडायची इच्छाच होईना.

उत्तर सापडलं ते उपकवचांत, म्हणजे कवचाच्या आतल्या छोट्या भागांत. एसमध्ये २, पीमध्ये ६, डीमध्ये १०, एफमध्ये १४. तिसऱ्या कवचातल्या त्या दहा मोकळ्या जागा म्हणजे ३डी. इलेक्ट्रॉन कवचाचा नंबर बघत नाही, जिथे ऊर्जा कमी तिथे जातो. ४एसमधला इलेक्ट्रॉन बराचसा बाहेर वावरत असला तरी अधूनमधून थेट केंद्रकाजवळ पोचतो, त्यामुळे त्याला तिथली ओढ चांगली मिळते. ३डीला तसं आत शिरता येत नाही. आतले अठरा इलेक्ट्रॉन मध्ये आडवे येतात. म्हणून पोटॅशियममध्ये ४एस आधी. एवढं समजलं आणि अक्षरशः हायसं वाटलं.

मग एका रविवारी आलेखाच्या कागदावर आवर्त सारणी आखली. चौकटीत मूलद्रव्याचं नाव नाही, फक्त शेवटचा इलेक्ट्रॉन कुठे गेला ते लिहायचं. डावीकडे एसचे दोन रकाने, उजवीकडे पीचे सहा, मधे डीचे दहा, खाली वेगळ्या काढलेल्या दोन ओळींत एफचे चौदा. ओळींची लांबी २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ अशीच का, हे त्या कागदावर समोर दिसत होतं. चौथी ओळ म्हणजे ४एस, ३डी, ४पी: दोन, दहा आणि सहा मिळून अठरा. हेलियम तेवढा १एसचा असून निष्क्रिय वायूंच्या डोक्यावर बसतो.

तेव्हापासून संरूपणं, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या मांडण्या, पाठ करणं बंद केलं. आर्सेनिक विचारलं तर बोट चौथ्या ओळीत, पीच्या तिसऱ्या रकान्यावर: ४एस२, ३डी१०, ४पी३ (शेवटचा आकडा त्या उपकवचातल्या इलेक्ट्रॉनांचा). बाहेरच्या कवचात पाच, म्हणजे फॉस्फरसचा भाऊबंद.

मला सगळ्यात जास्त थक्क केलं ते मेंडेलीव्हनं. १८६९ साली त्यानं सारणी मांडली तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागला नव्हता. तो लागला १८९७ मध्ये. केवळ गुणधर्म आणि अणुवस्तुमान यांच्या जोरावर त्यानं रकाने लावले. आमचा पोटॅशियम इथेही आडवा येतोच! त्याचं अणुवस्तुमान ३९.१०, आर्गॉनचं ३९.९५. वस्तुमानानं लावलं तर पोटॅशियम निष्क्रिय वायूंत जाऊन बसेल. १९१३ मध्ये हेन्री मोजले या शास्त्रज्ञानं क्ष-किरणांवरून अणुअंकाचा, म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनांच्या संख्येचा, आधार दिला आणि १८, १९ हा क्रम पक्का झाला.

क्रोमियम आणि तांब्याचे अपवाद मात्र सरळ लक्षात ठेवा. क्रोमियम ३डी५ ४एस१, तांबं ३डी१० ४एस१. अर्धं किंवा पूर्ण भरलेलं उपकवच स्थिर, हे कारण पुस्तकात असतं, पण ते सगळीकडे लावू नका. क्रोमियमच्याच गणातलं टंगस्टन ५डी४ ६एस२ असंच राहतं.

आणि परीक्षेला जाण्याआधी लोह नक्की करून बघा. ४एस आधी भरलं, म्हणून आयन होताना इलेक्ट्रॉन ३डीमधून काढायचे असं नाही. डी भरू लागलं की ते ऊर्जेनं खाली जातं आणि बाहेरचं ४एस आधी रिकामं होतं. म्हणून फेरस (दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं लोह) ३डी६, फेरिक (तीन गमावलेलं) ३डी५.