को केर आणि बेंग मेलिया: सिएम रीपहून एका दिवसाची सहल

कंबोडियात अंगकोर वाट पाहायला जाणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की मुक्कामातला एक अख्खा दिवस को केर या जुन्या राजधानीच्या अवशेषांसाठी राखून ठेवा, आणि तिथे जाणकार गाइड घेऊनच जा. अंगकोरजवळच्या सिएम रीप शहराच्या ईशान्येला साधारण 120 किलोमीटरवर हे ठिकाण आहे. जायला दोन-अडीच तास आणि यायला तेवढेच, म्हणून बरेच जण ते गाळतात. 2023 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचं नाव आलं, तरी आम्ही गेलो तेव्हा सकाळी तिथे जेमतेम दोन-तीन गाड्या उभ्या होत्या.

आम्ही हॉटेलमार्फत गाडी, ड्रायव्हर आणि इंग्रजी बोलणारा गाइड असं ठरवलं. बरोबर सत्तरीची मावशी होती, त्यामुळे मोठ्या बसच्या सहलीपेक्षा आपली गाडी बरी वाटली. गाइडकडे पर्यटन मंत्रालयाचा परवाना आहे ना, हे आधी विचारून घ्या. तिकिटांचाही हिशेब समजून घ्या. को केरचं तिकीट वेगळं, 15 डॉलर. बेंग मेलियाचं मंदिर मात्र अंगकोर पासमध्ये, म्हणजे अंगकोरच्या मंदिरांच्या एकत्रित तिकिटात येतं. हा पास एका दिवसाचा 37, तीन दिवसांचा 62 आणि सात दिवसांचा 72 डॉलरना मिळतो. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कधीही वापरता येतो, सलग वापरावा लागत नाही. बेंग मेलियाला गेलात की त्यातला एक दिवस खर्ची पडतो.

पहाटेच निघालो. लांबचं को केर आधी आणि परतीच्या वाटेवर बेंग मेलिया, हा क्रम मला पटला. कारण को केरला उन्हात चढायचं असतं, बेंग मेलियाला दुपारीही झाडांची सावली मिळते.

को केर ही 928 ते 944 या काळात ख्मेर राज्याची, म्हणजे जुन्या कंबोडियाची राजधानी होती. राजा चौथ्या जयवर्मनने अंगकोर सोडून इथे कारभार थाटला. शिलालेखांत या नगरीचं नाव लिंगपूर, आणि ख्मेरमध्ये चोक गर्ग्यार. मुख्य मंदिर प्रासात थोम. विटांचं लाल प्रासात क्राहोम ओलांडून सरळ चालत गेलं की झाडी संपते आणि समोर सात टप्प्यांचा, 36 मीटर उंच दगडी पिरॅमिड उभा राहतो. माथ्यावर एके काळी प्रचंड शिवलिंग होतं. आता लाकडी जिन्याने वर जाता येतं. जिना उभा आहे, पण कठडे भक्कम आहेत. मावशी खालीच झाडाखाली बसली आणि तेच योग्य झालं, कारण गुडघे दुखत असतील तर चढण्यापेक्षा उतरणं अवघड जातं. वरून चहूकडे जंगल दिसतं आणि हवा स्वच्छ असेल तर कुलेनचा डोंगरही.

बहुतेक सहली पिरॅमिड आणि झाडांच्या मुळांनी वेढलेलं प्रासात प्राम दाखवून परत फिरतात. तुम्ही मात्र गाइडला निघण्याआधीच सांगा की प्रासात चेन पाहायचंच आहे. दिसायला ती एक लहानशी पडझड आहे. सांगणारा बरोबर नसेल तर दोन मिनिटांत पाठ फिरवाल. पण इथल्या पश्चिमेच्या गोपुरात भीम आणि दुर्योधन यांचं गदायुद्ध पुरुषभर उंचीच्या पूर्ण मूर्तींत मांडलेलं होतं. भिंतीवर कोरलेलं शिल्प नव्हे, सुट्या, स्वतंत्र मूर्ती! मध्ये दोघे योद्धे, भोवती पाहणारे पांडव आणि बलराम. दहाव्या शतकात एखाद्या शिल्पकाराने महाभारतातला प्रसंग असा रंगमंचासारखा उभा केला, ही कल्पनाच मला विलक्षण वाटते.

1970 च्या दशकातल्या यादवीत चोरांनी या मूर्ती घोट्यातून तोडून नेल्या. पावलं आणि बैठका जागेवरच राहिल्या. 2011 मध्ये दुर्योधनाची मूर्ती न्यूयॉर्कमध्ये लिलावाला आली, तेव्हा याच पावलांवरून ती इथली असल्याचं सिद्ध करता आलं. लिलाव थांबला, खटला झाला, आणि 2014 मध्ये दुर्योधन, भीम आणि बलराम असे तिघेही अमेरिकेतून कंबोडियात परतले. आता ते राजधानी नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

गाइडने हे सगळं तिथे उभं राहून, कोण कुठे होता ते हाताने दाखवत सांगितलं. कंबोडियात रामकथा घरोघरी माहीत असते, महाभारत तेवढं नाही. मग मावशीने त्याला पुढची गोष्ट सांगितली: मांडीवर गदा मारणं हे नियमाबाहेरचं, म्हणून बलराम नांगर उचलून भीमावर धावला आणि कृष्णाने त्याला आवरलं. मी इंग्रजीत सांगत होतो, तो वहीत टिपून घेत होता. गाइड घेऊन जा असं मी का म्हणतो, ते यावरून कळावं. माहिती पुस्तकातही मिळते, पण त्या रिकाम्या जागेत मूर्ती उभ्या करून दाखवणारं माणूसच लागतं.

एक गोष्ट गांभीर्याने घ्या. या भागात युद्धकाळात भूसुरुंग पेरलेले होते. पाहण्याच्या जागा साफ केल्या आहेत, तरी मळलेली वाट सोडून झाडीत जाऊ नका, नैसर्गिक विधीसाठीसुद्धा नाही. स्वच्छतागृह प्रवेशाजवळ आहे, तिथेच जाऊन या.

जेवण प्रवेशाजवळच्या साध्या खानावळीत केलं. शाकाहारी असाल तर गाइडकडून नीट सांगून घ्या, कारण नुसत्या भाजीतही माशाचा सॉस किंवा कोळंबीची चटणी असते. आम्ही भात, परतलेली भाजी आणि अंडं घेतलं. मावशीने दशमी आणि लोणचं बरोबर आणलं होतं. डॉलरच्या नोटा कोऱ्या ठेवा, फाटकी नोट कोणी घेत नाही. सुटे पैसे रिएल या तिथल्या चलनात मिळतात, डॉलरला साधारण चार हजार.

बेंग मेलिया बाराव्या शतकातलं. आराखडा अंगकोर वाटच्या जवळचा, पण फारशी डागडुजी न झालेलं. शिळांचे ढीग, त्यांवर शेवाळ, भिंतींना कवेत घेणारी मुळं. लाकडी फळ्यांच्या मार्गावरून मावशीही बरंच आतवर आली. शिळांवर चढू नका, त्या सुट्या आहेत आणि पावसाळ्यात निसरड्या होतात. पकड असलेले बूट आणि पूर्ण लांबीची पँट हवीच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, एप्रिलमध्ये वृद्धांना नेऊ नका.

काही जण याच दिवशी बांते स्रेईही उरकतात. मला ते पटत नाही. 967 मधलं ते गुलाबी दगडाचं मंदिर इतकं बारीक कोरलेलं आहे की थकलेल्या डोळ्यांनी पाहू नये. वेरूळला रावण कैलास हलवताना पाहिला असेल, तर तोच प्रसंग इथे कसा कोरलाय ते सकाळी, सावकाश पाहा. ते सिएम रीपहून तासाभरावरच आहे.

को केरला जोडून प्रेह विहेअरचं मंदिर दाखवतो असंही कोणी सुचवेल. ते थायलंडच्या सीमेवर आहे आणि 2025 मध्ये तिथे लढाई झाली, त्यामुळे भारतीय दूतावासाची ताजी सूचना वाचल्याशिवाय होकार देऊ नका. त्यापेक्षा नॉम पेन्हला जाणार असाल तर ते को केरनंतर ठेवा. बसने सहा तास लागतात. संग्रहालयात शिरल्यावर आधी को केरच्या मूर्ती कुठे आहेत ते विचारा, बाकीची दालनं मग.