डिफेन्सची वही, आठवा आठवडा

बास्केटबॉलच्या या वहीत स्टील (बॉल हिसकावणं) आणि ब्लॉक (शॉट हाताने अडवणं) यांचे रकाने मुद्दाम ठेवलेले नाहीत. एकट्याने एकाला अडवण्याचा कस त्या दोन आकड्यांत उतरत नाही. 2021च्या एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) फायनलचा पाचवा सामना आठवा. शेवटच्या काही सेकंदांत फिनिक्सचा डेव्हिन बुकर आत घुसला, वळला, आणि मिलवॉकीच्या ज्रू हॉलिडेने त्याच्या हातून बॉल हिसकावून पुढे आपल्याच संघातल्या यानिसला उंच पास दिला. स्टील हॉलिडेच्या नावावर लागला. पण बुकर वळला कशामुळे? मिलवॉकीच्याच पी. जे. टकरची छाती त्याच्या वाटेत होती म्हणून. त्या छातीला कुठल्याच रकान्यात जागा नाही. इथे मोजतोय ते टकरचं काम.

मोजणीची पद्धत अशी. तीन पॉइंटच्या रेषेबाहेर एक पाऊल, समोरासमोर, 8 सेकंदांचं घड्याळ. पेंटमध्ये (रिंगसमोरचा रंगवलेला आयत) पाय पडेपर्यंत बॉलवाल्याला किती ड्रिबल (बॉल जमिनीवर आपटणं) लागले, एवढंच लिहायचं. फाउल झाला तर शेजारी फुली. दोन ड्रिबलांत पेंट गाठला तर डिफेंडर हरला, मग शॉट हुकला तरी. चार लागले तर जिंकला, मग शॉट पडला तरी. हा दुसरा नियम गळी उतरायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. सलग सहा झाले की माणूस बदलायचा. त्यापुढे मांड्या भरून येतात आणि वहीत उतरतो तो दमसास, कौशल्य नव्हे.

आठवडे 1 ते 3: पवित्रा आणि सरकणं

पाय खांद्यांपेक्षा वीतभर रुंद, वजन चवड्यांवर, टाच जमिनीला नुसती टेकलेली. डोकं बॉलवाल्याच्या डोक्यापेक्षा खाली. नवशिके कमरेतून वाकतात आणि त्याला पवित्रा समजतात. वाकायचं गुडघ्यांतून, पाठ जवळजवळ सरळ. कमरेतून वाकलेल्याचं वजन पुढे जातं आणि पहिल्याच हुलकावणीला तो बॉलवाल्याच्या अंगावर पडतो.

नजर बेंबीवर. कबड्डीत कोपरा सांभाळणारा चढाईवाल्याच्या चेहऱ्याकडे बघत बसत नाही, तसंच. बॉल, खांदे, डोळे सगळे फसवतात. कंबर मात्र ज्या बाजूला जाते त्याच बाजूला माणूस जातो.

सरकताना ढकलतो तो मागचा पाय. उजवीकडे जायचं असेल तर डाव्या पायाने जमीन ढकला. उजवा पाय लांब टाकून डावा ओढत आणला की दोन्ही पाय क्षणभर जवळ येतात, आणि चांगला ड्रिबलर नेमका तोच क्षण धरतो. दोन पावलांत कधीही फूटभरापेक्षा कमी अंतर नको. उड्या नकोत, कारण हवेत असलेल्याला दिशा बदलता येत नाही. आट्यापाट्यात पाटी सांभाळलेल्यांना हे शिकवावं लागत नाही.

सराव: खडूने 3 मीटर रुंदीचा पट्टा, कोर्टाच्या पूर्ण 28 मीटर लांबीचा. बॉलवाला नागमोडी जातो, डिफेंडर हात पाठीमागे बांधून. चार फेऱ्या, मध्ये 45 सेकंद विश्रांती. हात बांधले की पाय किती आळशी आहेत ते पहिल्याच फेरीत कळतं. 2004-05पासून एनबीएने बाहेरच्या भागात बॉलवाल्याला हाताने थोपवणं कडक केलं, तेव्हापासून तिथेही सगळी भिस्त पायांवर आली.

आठवडा 4: कमकुवत हाताकडे ढकलणं

समोरचा उजवखोरा धरू. आपलं नाक त्याच्या उजव्या खांद्यासमोर, डावा पाय अर्धं पाऊल पुढे, डावा हात खाली, तळवा वर. म्हणजे उजवी वाट बंद, डावी उघडी. चूक होते ती पाऊलभर पुढे जाण्यात. पुढचा पाय हा नेहमी कच्चा दुवा. त्याच्यावरून क्रॉसओव्हर (बॉल झटक्यात दुसऱ्या हातात घेऊन दिशा बदलणं) आला की तो मागे फिरवावा लागतो. कंबर 45 अंशांत उघडली तर सावरता येतं, 90 अंशांत उघडली तर आपणच दार उघडून बाजूला झालो. मागे पडलात तर सरकत बसू नका. सरळ वळून दोन-तीन पावलं पळा, पुढे या, पुन्हा पवित्रा.

या आठवड्यापासून वहीत 2च्या जागी 3 दिसू लागले. त्याहून वर अजून क्वचितच.

(पावसाळ्याची टीप. मुंबईतलं उघडं सिमेंटचं कोर्ट पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात कोरडं दिसतं, पण शेवाळलेल्या कडा निसरड्याच राहतात. तिथे नागमोडी सराव करू नका. उन्हाळ्यात त्रास धुळीचा: ओलं फडकं बाकाखाली ठेवा, दर फेरीनंतर तळवे पुसा. बुटांची बाहेरची कड आधी झिजते, खरेदी करताना तीच बघा.)

आठवडे 5 आणि 6: क्लोजआउट (आतून धावत जाऊन शूटरला गाठणं)

पेंटच्या कडेपासून कोपऱ्यातल्या तीन पॉइंटच्या रेषेपर्यंत अंतर चार मीटरच्या थोडं वर. पहिले तीन मीटर जीव तोडून पळायचं, उरलेल्यात बारीक पावलं, कंबर खाली, वजन मागे, शूटरच्या हातासमोरचा एकच हात वर. पूर्ण वेगात शेवटपर्यंत गेलेला माणूस शॉटच्या हुलकावणीला (पंप फेक) फसून उडतो आणि उरतं चारांविरुद्ध पाच. उडालातच तर त्याच्या पायांखालची जागा सोडा. तिथे पाऊल गेलं की फाउल, आणि समोरच्याचा घोटा जातो तो वेगळाच.

एनबीएत खेळलेल्या शेन बॅटिएचं इथे आवर्जून नाव घ्यावं लागतं. तो बॉलवर झडप घालत नसे, तळवा शूटरच्या डोळ्यांसमोर धरत असे. ब्लॉक मिळत नाही, पण फाउलही नाही. असल्या कामाला बक्षिसं कमीच. वर्षातल्या सर्वोत्तम डिफेंडरचा मान 1996मध्ये गॅरी पेटनला मिळाला, त्यानंतर पुढचा गार्ड (रिंगपासून दूर, बाहेर खेळणारा) थेट 2022चा मार्कस स्मार्ट. मधली सगळी वर्षं फॉरवर्ड आणि सेंटर या उंच खेळाडूंची. रिंगजवळचं काम डोळ्यांत भरतं, बाहेरचं भरत नाही.

आठवडे 7 आणि 8: स्क्रीन (बॉलवाल्याच्या साथीदाराने डिफेंडरच्या वाटेत उभं राहणं)

इथे गाडी अडली आहे. वरून, म्हणजे स्क्रीनर आणि बॉलवाला यांच्या मधून, जायचं तर स्क्रीनजवळचा पाय स्क्रीनरच्या पायापुढे टाकायचा, अंग आडवं करून बारीक व्हायचं आणि बॉलवाल्याच्या कमरेला चिकटून निघायचं. समोरचा बाहेरून शॉट मारत नसेल तर खालून, म्हणजे स्क्रीनरच्या मागून, जाणंच शहाणपणाचं. पाय काय करायचं ते शिकलेत, पण धडक छातीवर येते, कारण स्क्रीन आल्याचं उशिरा कळतं. ते सांगायचं काम मागच्या उंच खेळाडूचं, आणि "डावीकडे!" ही हाक धडकेनंतर येतेय. सध्या हाक द्यायची खूण ठरवली आहे: स्क्रीनर दोन पावलांवर असताना, बाजू आधी, नाव नंतर.

पुढच्या सहांच्या फेऱ्यांत हाक वेळेवर आली की नाही, याचा नवा रकाना.