तिथीची पाऊणपट : हरिहरेश्वर ते हर्णै, सहा जण, चार दिवस

कोकणात सहलीला निघताना सगळे हॉटेलचं बुकिंग आधी करतात. आमच्याकडे बाबांनी आधी कालनिर्णय काढलं. भिंतीवरून काढून थेट गाडीतच ठेवलं. आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं (अकरा आणि सहा) असा ताफा. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन करत संध्याकाळी हरिहरेश्वरला पोचलो.

बाबांचा हिशेब जुना, किनाऱ्यावरच्या माणसांचा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्येला, म्हणजे पंधराव्या तिथीला, सव्वाअकरा. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, म्हणून हे जमतं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. काही मिनिटांचा फरक पडतो, पण सहलीपुरतं पुरतं. आम्ही पोचलो ती दशमी होती, म्हणजे भरती साडेसातला. साडेसहाला देवळामागे गेलो तर प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटा फुटत होत्या. तरी दोन-चार हौशी मंडळी मोबाइल उंच धरून पुढे सरकत होतीच. या खडकांवरून माणसं वाहून गेलेली आहेत. तिथे धाडस करू नका.

दुसऱ्या दिवशी एकादशी, ओहोटी सव्वादोनला. दीडच्या उन्हात प्रदक्षिणेला निघालो तेव्हा बायकोने माझ्याकडे पाहिलं ते अजून लक्षात आहे. पण खडक कोरडे होते. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, परत काळभैरव, असं रीतीप्रमाणे दर्शन सकाळीच उरकलं होतं. दोन कड्यांमधल्या अरुंद गणेश गल्लीतून पायऱ्या उतरलं की समोर एकदम समुद्र येतो. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने खडकात मधाच्या पोळ्यासारखी जाळी कोरली आहे. धाकट्याने प्रत्येक भोकात बोट घालून पाहिलं. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र देवळातच बसावं. आई बसली, आणि तिला एक गप्पिष्ट सोबतीणही मिळाली.

श्रीवर्धन आणि दिवेआगर आम्ही गाळलं. दोन्ही चांगली गावं आहेत. श्रीवर्धन तर बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं. दिवेआगरचा किनारा लांब आणि सपाट, लहान मुलांना उत्तम. फक्त दोनच दिवस असतील तर तिथेच मुक्काम करा, पुढे जाऊच नका. रोज तीन किनारे 'करायचे' ठरवलं की मुलांच्या वाट्याला गाडीची मागची सीटच येते.

हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून फेरीबोटीत गाडी चढवली आणि सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरलो. इकडे रायगड, तिकडे रत्नागिरी. मुलांना विचाराल तर सहलीतली सगळ्यात भारी गोष्ट हीच. खाडीच्या तोंडाशी बाणकोटचा छोटा किल्ला आहे, पंधरा-वीस मिनिटांत पाहून होतो. तिथून वेळास जवळच.

वेळास हे नाना फडणवीसांचं गाव, पण हल्ली माणसं येतात ती कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले माद्या वाळूत अंडी घालून निघून जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ती अंडी जपायचं काम इथे उभं केलं. अंडी जाळीच्या कुंपणात पुरतात, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात आणि सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. मुलांना आधी कबूल करू नका. कधी घरट्यावरच्या टोपलीखाली एकही पिल्लू नसतं. गावात फोन करून घरट्यांची स्थिती विचारूनच निघा. आमच्या नशिबाने त्या संध्याकाळी तीन होती. दोरीमागे शंभरेक माणसं उभी, आणि ती तीन काळपट पिल्लं लाटेपर्यंत पोचेस्तोवर कोणी हूं की चूं केलं नाही. एक उलटं वळलं तेव्हा मात्र सगळे एका सुरात "अगं तिकडे!" म्हणाले. रात्री घरगुती जेवण होतं. आईची एकादशी म्हटल्यावर काकूंनी न विचारता साबुदाण्याची खिचडी टाकली.

द्वादशीला केळशीवरून आंजर्ले. कड्यावरच्या गणपतीला पायऱ्या आहेत, पण गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे आईचीही सोय झाली. गणपती उजव्या सोंडेचा. वरून माडांच्या पलीकडे सुवर्णदुर्ग पाण्यात तरंगल्यासारखा दिसतो. आंग्र्यांच्या आरमाराचा हा बळकट किल्ला 1755 मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेला. इंग्रजांच्या आरमाराच्या कमोडोर विल्यम जेम्सने समुद्रातून तोफा डागल्या आणि पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. हे सांगितल्यावर थोरलीने विचारलं, "आपलेच?" बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत हाही आहे. होडीने जाता येतं, पण चढउतार पाहता आम्ही हर्णैच्या किनाऱ्यावरून पाहण्यावर भागवलं.

हर्णैला जायचं ते दुपारनंतर, मासळीच्या लिलावासाठी. होड्या लागतात, वाळूवर ढीग पडतात आणि बोली आपल्याला कळायच्या आत संपते. वास येतो, पायाखाली चिखल असतो, चांगल्या चपला घालू नका. आईने सुरमई घेतली, घासाघीस करून, अगदी विजयी मुद्रेने. मुक्काम मुरूडला. (जंजिऱ्याचं नव्हे, महर्षी कर्व्यांचं मुरूड.) तिथे पोचल्यावर कळलं की आमच्या यजमानांच्या स्वयंपाकघरात मासे शिजत नाहीत. चूक आमचीच, बुकिंग करताना विचारलं नव्हतं. मालकीणबाई हसल्या आणि वाडीतल्या एका ओळखीच्या घरी सुरमई रवाना झाली.

मुरूडचा किनारा सुंदर आहे, पण गर्दी आणि वाळूत फिरणाऱ्या गाड्या यांनी मला वैताग आला. एक गाडी चाकं रुतून पाण्याची वाट पाहत उभी होती. पोहायला आम्ही शेजारच्या कर्द्याला गेलो. ओहोटी तीनला होऊन गेली होती, पाणी चढायला लागलं होतं. उतरायचं ते असं. ओहोटीचं पाणी आत ओढतं, तेव्हा काठावर किल्ले करायचे. साडेसहाला सगळ्यांना बाहेर काढलं. परतलो तर डब्यात सुरमईचं कालवण आणि चार तुकड्या तळून आल्या होत्या. माणसं सहा. बाबा म्हणाले, "माझी अजून एकादशीच आहे," आणि कुळथाच्या पिठल्याकडे वळले.