स्प्लिट एसी अपडेट: गळतीचं कोडं सुटलं (बहुतेक)

सापडलं एकदाचं! इंडोअर युनिट निर्दोष आहे मंडळी, गुन्हेगार बाल्कनीत बसला होता.

आधीचं वाचलेल्यांना माहितीच आहे, दीड टनचा इन्व्हर्टर एसी, आर-32 गॅसवाला, रात्री अकराला लावला की मस्त चालतो आणि पहाटे तीनच्या आसपास डाव्या कोपऱ्यातून भिंतीवर धार. सकाळी मिस्त्रीला बोलवावं तर थेंब नाही. फिल्टर, कॉइल, ब्लोअर सगळं धुऊन झालंय, लेव्हल ट्यूब धरून बघितलं तर युनिट ड्रेनच्या बाजूलाच किंचित झुकलेलं, आणि कॉइलखालच्या, पाणी साठणाऱ्या ट्रेमध्ये मगभर पाणी ओतलं की ते बाहेर सुर्रकन जातं. म्हणजे चोकअप नाही. मग गळतंय कसलं?

मिस्त्रीचं निदान ठरलेलं, "साहेब, गेस ओछो छे." बडोद्यात एसीला काहीही होवो, गॅसच कमी असतो. आता गॅस कमी असला की कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळून पाणी ट्रेच्या बाहेर पडतं हे खरंय, पण मी धार चालू असतानाच पुढचं कव्हर उघडून टॉर्च मारला तर बर्फाचा कण नाही, कॉइलला या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा घाम, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत 11 डिग्रीचा फरक. गॅसचा विषय तिथेच बंद. आणि इन्व्हर्टर मशीनला नुसतं गेज लावून वरून गॅस मारणाऱ्यांना मी हात लावू देत नाही, कॉम्प्रेसरचा स्पीड बदलत राहतो तसं प्रेशरही हलतं, भरायचाच तर आधी लीक शोधा, व्हॅक्यूम करा आणि वजनावर भरा.

धागा मिळाला तो आवाजातून. धार लागायच्या आधी युनिटमधून बारीक गुडगुड यायची. पाण्याला जायचंय आणि हवा वाट अडवतेय असा तो आवाज. मग डोक्यात आलं की ड्रेनच्या पाइपच्या आत बघायलाच पाहिजे. रावपुऱ्यातून गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप आणला आणि भिंतीच्या वरच्या बाजूने आडव्या जाणाऱ्या पांढऱ्या नळीचा मधला तुकडा कापून तिथे बसवला. तिथे दोन क्लॅम्पच्या मध्ये नळीला झोळ होता, टेपिंगमुळे कधी दिसलाच नव्हता, तो मुद्दाम तसाच ठेवला. रात्री स्टूल टाकून बसलो. झोळात पाणी साठलेलं, त्याच्यापुढे हवा, आणि ती हवा पुढे जायचं नावच घेईना. पाण्याची कड दोन बोटं पुढे सरकायची, की परत मागे. इकडे ट्रे भरत चाललेला.

हवा अडली कुठे, तर नळीचं टोक बादलीच्या तळाशी. आई ते पाणी तुळशीला आणि कुंड्यांना घालते म्हणून बादली कायम तिथे. श्रावणात आपल्याकडे आर्द्रता 85 च्या वर, दीड टनचं मशीन अशा हवेत तासाला दीड-दोन लिटर पाणी काढतं, म्हणजे तीन वाजेपर्यंत बादलीत दहा-बारा सेंटिमीटर पाणी चढलेलं. टोक पाण्यात बुडालं की अडकलेल्या हवेला तेवढं पाणी ढकलून बुडबुडा काढावा लागतो, आणि मागून जोर लावायला काय आहे, तर ट्रेच्या काठापासून झोळाच्या तळापर्यंतचा फरक, तो टेपने मोजला तर सात-साडेसात सेंटिमीटर. जमणारच नाही! सकाळी आई बादली रिकामी करते, हवा सुटते, मिस्त्री येईपर्यंत सगळं साळसूद.

त्याच रात्री टोक कापून बादलीच्या काठाच्या वीतभर वर बांधलं. खळ्ळकन पाणी सुटलं ते बघायला घरात दुसरं कोणी जागं नव्हतं याचं फार वाईट वाटलं. तेव्हापासून भिंत कोरडी आहे, आईची तुळसही खूश. (शेजारचे काका हेच पाणी लाइट गेल्यावर चालणाऱ्या घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मागतात, मी देत नाही. कॉइलवरची धूळ आणि धातूचा अंश त्यात उतरतो, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन काही महाग नाही.)

आता "बहुतेक" का, तर नवीन भानगड. टोक उघडं झाल्यापासून दारं-खिडक्या बंद करून स्वयंपाकघरातली ताशी 1200 घनमीटर सक्शनची चिमणी लावली की गुडगुड परत येते, गळत नाही, नुसता आवाज. चिमणी घरातली हवा ओढते आणि ती भरून काढायला बाहेरची हवा ड्रेनमधून वर येते. म्हटलं शेवटी एक यू-ट्रॅप टाकू (यू आकाराचं वळण, त्यात पाणी साठून राहतं आणि हवा अडते), काम संपलं. सामानाची यादीसुद्धा केली. पण हे लिहिता लिहिताच लक्षात येतंय की ट्रॅप म्हणजे पुन्हा पाण्याचं बूच, आणि मागे झोळ आहेच, दोन बुचांच्या मध्ये हवा, म्हणजे बादलीवालं नाटक पहिल्यापासून.

तर आधी झोळ काढायचा. ती पन्हळीची नळी तशीही मला आवडत नाही, प्रत्येक खाचेत शेवाळी जेली धरते, आणि मिस्त्री लोक बाहेरून ब्लोअर मारून तीच जेली परत ट्रेमध्ये पाठवतात, अरे बाबा, बाहेरून व्हॅक्यूम क्लीनरने ओढा ना, पाणी ओढणारा मिळतो. आडव्या भागाला 25 मिमीचा कडक पीव्हीसी, मीटरला निदान एक सेंटिमीटर उतार, क्लॅम्प जवळजवळ, सुरुवातीला एक टी (तीन तोंडांचा जोड) साफसफाईसाठी. खोलीतल्या भागावर फोमची स्लीव्ह हवीच, नाहीतर थंड पाइपला बाहेरून घाम येऊन वेगळी गळती सुरू. ट्रॅप त्यानंतर, तोही खाली, उभा पाइप उतरल्यावर, तिथे वरून पाण्याचा जोर भरपूर मिळतो.

अडचण एकच, भिंतीतलं भोक. तांब्याचे दोन पाइप आणि वायर आधीच कोंबलेत, त्यात स्लीव्हसकट 25 चा पाइप जाईलसं दिसत नाही. भोक मोठं करायचं की तेवढ्या भिंतीपुरती बारीक नळी चालेल, कोणी केलं असेल तर सांगा, रविवारी ड्रिल मिळणार आहे.