आमची वाटचाल: पोहरा आमचा, आड दुसऱ्याचा

२००९ साली नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका खोलीत मी आणि माझ्या मावसभावाने विंडोजसाठी बातम्या वाचायचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. लोडशेडिंगचे दिवस. वीज आणि नेट आहे तोवर सगळ्या बातम्या उतरवून घ्यायच्या आणि मग लॅपटॉपच्या बॅटरीवर निवांत वाचायच्या, एवढीच कल्पना. ज्या तंत्रावर हे चालतं त्याचं नाव आरएसएस. पण गिऱ्हाइकाला तसं सांगितलं की तो ‘कुठली शाखा?’ विचारायचा. मग आम्ही नुसतं ‘फीड’ म्हणू लागलो.

फीड म्हणजे दैनिकाच्या साइटवर ठेवलेली साधी एक्सएमएल फाइल: मथळा, लिंक, वेळ, थोडा मजकूर. ती आम्ही स्वतः आणत नव्हतो. गिऱ्हाइकाचं खातं गूगल रीडरवर, म्हणजे फीड वाचायच्या गूगलच्या फुकट सेवेवर, फीडची यादी तिथेच, काय वाचलं काय राहिलं याच्या खुणाही तिथेच. आमचं ॲप तिथून ओढून दाखवायचं, तेही गूगलने अधिकृतपणे कधी न दिलेल्या एपीआयच्या, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती मागायच्या वाटेच्या, जोरावर. १३ मार्च २०१३ ला रीडर बंद होणार असं जाहीर झालं, १ जुलैला ते बंद झालं. फुकटात मिळत होतं, तक्रार कुठल्या तोंडाने करणार? सगळा धंदा दुसऱ्याच्या आडावर मांडला होता तो आम्हीच.

साडेतीन महिने हातात होते. पहिल्या आठवड्यात एकच बटण केलं: फीडची यादी ओपीएमएल फाइलमध्ये (अशी यादी एका ॲपमधून दुसऱ्यात न्यायची ठरलेली फाइल) उतरवून घ्या. एकेका गिऱ्हाइकाला फोन करून ते दाबायला लावलं. मग फीडली आणि इनोरीडर या रीडरसारख्याच सेवा जोडल्या, शिवाय ॲप स्वतःच फीड आणील अशी सोय केली. त्यातही शहाणपणा उशिराच आला. दर पाच मिनिटांनी अख्खी फाइल मागायचो, तेव्हा एका दैनिकाच्या सर्व्हरने आम्हाला दार बंद केलं, आणि बरोबरच केलं. आता मागच्या वेळचा ईटॅग, म्हणजे सर्व्हरने फाइलच्या त्या आवृत्तीला दिलेली खूण, दाखवून आधी विचारतो, काही बदललंय का? नसेल तर ३०४, म्हणजे ‘काही बदल नाही’ असा सांकेतिक आकडा येतो, फाइल येत नाही.

पण स्वतः फीड आणायला लागल्यावर मराठीची दुखणीही आमच्याच गळ्यात आली. लासलगावचे एक कांदा व्यापारी आमचे जुने गिऱ्हाईक. नुसतं ‘कांदा’ टाकलं तर भज्यांच्या कृती यायच्या, म्हणून त्यांनी सूचनेच्या घंटीसाठी ‘कांदा’ आणि ‘व्यापाऱ्यांना’ असे दोन्ही शब्द लावलेले; दोन्ही असलेली बातमी आली की घंटी वाजायची. १४ सप्टेंबर २०२० ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन: “दादा, सगळ्या मार्केटला कळलं, तुमची घंटी काही वाजली नाही.”

बातमी ॲपमध्ये आलेली होती. दोन्ही शब्द त्यात डोळ्यांना दिसत होते, शोधात मात्र सापडत नव्हते. दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. हा ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकदा नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, एकदा साध्या र ला हलन्त आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर जुळे भाऊ, संगणकाला मात्र परके. शेतकऱ्यांना, वाऱ्यावर, दुसऱ्याचा, सगळीकडे हीच गत. आता शोधण्याआधी दोन्ही रूपं एक करून घेतो.

हे सगळं त्या व्यापारी भाऊंना फोनवर समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे माझं शुद्धलेखन चुकलं नव्हतं ना?”