रिंगच्या दोन टोकांमधली जागा

टर्बो बसवलेल्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची जुळणी मी मे महिन्यात, हिंगणा रस्त्यावरच्या एका लहान वर्कशॉपमध्ये दुसऱ्यांदा केली. पहिल्या वेळी पिस्टनच्या रिंगा पाकिटातून काढून तशाच चढवल्या होत्या, कारण गॅप, म्हणजे रिंगच्या दोन टोकांमधली जागा, जितका कमी तितके कॉम्प्रेशन चांगले, अशी माझी ठाम समजूत होती. काही दिवसांतच धूर येऊ लागला. इंजिन उघडले तेव्हा तिसऱ्या पिस्टनवर वरच्या रिंगेखालची कड तुटली होती आणि रिंगची दोन्ही टोके एकमेकांवर आदळून चकाकत होती.

मग मी हिशेब मांडला. ८० मिमी बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या, रिंगचा परीघ सुमारे २५१ मिमी असतो. ती सिलिंडरच्या भिंतीपेक्षा १०० अंशांनी जास्त तापली, तर गॅप जवळपास ०.२८ मिमीने मिटतो, आणि टर्बोमुळे ही उष्णता वाढतेच. साध्या इंजिनाला बोअरच्या ०.००४ पट, म्हणजे ०.३२ मिमी, एवढा गॅप चालतो. आम्ही वरच्या रिंगेला ०.४४ आणि दुसरीला ०.४८ मिमी ठेवला. दुसरीचा गॅप मोठा असला की दोन रिंगांमध्ये अडकलेला वायू खाली निघून जातो आणि वरची रिंग खाचेत फडफडत नाही.

सगळ्यात जास्त वेळ घासण्यात गेला, आणि तो जायलाच हवा होता. कानस नेहमी बाहेरून आत चालवायची, नाहीतर कडेचा लेप उडतो. दोन-चार हात मारले की रिंग बोअरमध्ये उलट्या पिस्टनने सरळ ढकलून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, लावायचा. नागपूरच्या मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये दुपारी मोजणे मला पटेना, कारण घासून तापलेली रिंग आणि ब्लॉक यांच्यात दहा अंशांचा फरक असला तरी माप ०.०३ मिमीने चुकते. म्हणून रिंगा रात्रभर ब्लॉकजवळ ठेवून शेवटची मापे पहाटे घेतली.

ऑइल रिंगच्या, म्हणजे भिंतीवरचे तेल पुसणाऱ्या सगळ्यात खालच्या रिंगच्या, स्प्रिंगची टोके एकमेकांवर चढलेली नाहीत, हे प्रत्येक पिस्टनवर बोट फिरवून पाहिले, खुणेची बाजू वर ठेवली आणि गॅप एका रेषेत येऊ दिले नाहीत. तिसरा पिस्टन रिंग कॉम्प्रेसरमधून, म्हणजे रिंगा दाबून धरणाऱ्या पट्ट्यातून, जाताना अडला, तेव्हा मी हातोडीचा दांडा पुन्हा उचलला, पण वर्कशॉपचे काका म्हणाले, “जोर नको लावू बापा, काढ बाहेर.” काढला, तर ऑइल रिंगची खालची पातळ पट्टी खाचेबाहेर आली होती. ती बसवून, तेल लावून पुन्हा प्रयत्न केल्यावर पिस्टन दोन हलक्या ठोक्यांत आत गेला.