हेलिओस आणि मिररलेस

आज दिवसभर मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर हेलिओस ४४-२ ही जुनी लेन्स लावून फोटो काढले. सोव्हिएत काळातली ५८ मिमी एफ/२ लेन्स (एफ/२ म्हणजे तिचं सगळ्यात मोठं छिद्र), जर्मन झाईस कंपनीच्या बायोटार लेन्सच्या रचनेवर बेतलेली. ऑटोफोकस नाही, कॅमेऱ्याला माहिती देणारी पिन नाही. मेन्यूत 'लेन्सशिवाय शटर' चालू केलं की झालं.

लेन्स कॅमेऱ्याला जोडणारा अडॅप्टर म्हणजे धातूची पोकळ रिंग. हेलिओससारख्या एम४२ (स्क्रूसारखी फिरवून बसवायच्या) लेन्सला माउंटपासून, म्हणजे लेन्स बसते त्या जागेपासून, सेन्सरपर्यंत ४५.४६ मिमी अंतर लागतं, सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या ई माउंटवर ते १८ मिमी आहे. मधले साधारण साडेसत्तावीस मिमी ही रिंग भरून काढते. आत काच नसल्याने लेन्सचा स्वभाव जसाच्या तसा उतरतो. (निकॉनच्या आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यावर हे अंतरच ४६.५ मिमी, त्यामुळे काचेच्या अडॅप्टरशिवाय दूरचं काही फोकस होत नाही.)

आणि काय तो स्वभाव! एफ/२ वर मागची पानं गोल भोवऱ्यासारखी फिरतात. समोरून ऊन आलं की कॉन्ट्रास्ट विरघळतो. कुणी याला दोष म्हणेल, मला तेच हवं असतं. फोकस पीकिंगपेक्षा (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणाऱ्या सोयीपेक्षा) व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र मोठं करून पाहणं जास्त भरवशाचं वाटलं. फोकस रिंग बराच वेळ फिरवावी लागते, म्हणूनच डोळ्याच्या पापणीवर नेमकं थांबता येतं.